गळ्याचे टाके

बासष्टच्या थंडीत बालाघाटच्या शाळेत बाया सरकारी लोकरीचे स्वेटर जवानांसाठी विणत होत्या. दुर्गाबाईचा अर्धवट स्वेटर मात्र टेबलावर नुसता पडूनही गरम असायचा. विज्ञान शिकवणाऱ्या कालिंदीने त्यात प्रयोगशाळेतला थर्मामीटर खुपसून पाहिला. रोज सदतीस अंश, जित्या अंगाइतके.

“माहा पोरगा तेजराम तिकडे बरफात हाये, बाई. चिठ्ठी नाही तं नाही, हे गरम हाये ना?” दुर्गाबाई म्हणे, आणि गळ्याचे टाके बंद करायचे टाळी.

“मावशी, आज पार्सल जातंय. गळा बंद करा,” एके दिवशी कालिंदी म्हणाली.

“तुमी म्हणता तं करतो.”

पहिल्या टाक्याला पारा छत्तीसवर आला. कालिंदीला वाटले, खिडकीचा वारा असेल. तिने खिडकी लावली. विसाव्या टाक्याला पारा सव्वीसवर होता.

“थांबा, मावशी.”

“काहून? एकच तं राह्यला,” म्हणत दुर्गाबाईने सुई ओढली.