चार मिलिमीटर

पूनमनं आलेखाचा कागद आल्हादसाहेबांच्या भरल्या कपावरच ठेवला. त्यांना चहा पिऊ द्यायचा नाही, हे ती लोणारहून बसमध्ये बसतानाच ठरवून आली होती.

"वाचा. मोठ्यानं."

निवृत्त साहेबांनी चष्मा लावला. कागदावर लोणारच्या माळावरच्या सिमेंटच्या खांबाची उंची रेखली होती. खांबाच्या माथ्यावरचं यंत्र उपग्रहांवरून जमिनीची उंची मोजायचं. पूनमचे बाबा, शेषराव, एकोणीस वर्षं त्याचे राखणदार होते. चप्पल काढल्याशिवाय ते खांबाजवळ जात नसत. एका वर्षी मे ते जानेवारीत खांब चार मिलिमीटर खाली गेला. 'राखणदाराच्या हयगयीनं खांबाला धक्का,' असा अहवाल साहेबांनी लिहिला. बाबांची नोकरी गेली. गाव त्यांना 'खांबपाड्या' म्हणू लागलं. गेल्या आषाढात ते वारले, तेव्हा तिरडीमागंही कुणीतरी तेच नाव घेतलं.

"खांब हललाच नाही," पूनम म्हणाली. ती आता कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होती. "हिवाळ्यात हवा जड असते. तिच्या भारानं सारी जमीनच दबते, पार नागपूरपर्यंत. उन्हाळ्यात वर येते. हवेचा भार वजा केला का खांब जागच्या जागी हाय. तुमाले एवढं गणित येत नव्हतं?"

"येत होतं."

"मंग काऊन नाही केलं?"

"गरज पडली नाही."

ती हसली. असंच काहीतरी तिला हवं होतं. "आता माफीनामा लिहा. लोणारच्या बाजारात, भोंग्यावर, तुम्हीच वाचान. नाही तं हे पेपरात जाईन."

साहेबांनी वाद घातला नाही. उठून कपाटातून जुनी फाईल काढली आणि त्यातलं एक पान तिच्यापुढं धरलं.

"मी गणिताला बसायच्या आधी हे आलं. कबुली हातात आल्यावर गणित कोण करतं, बाई?"

अक्षर बाबांचं होतं.

'साहेब, खांबाले वासरू मीच बांधलं होतं. त्याच्या हिसक्यानं खांब हलला असंल. चूक माही. घरातल्या कोणाले काही विचारू नका.'

पूनमनं पान दोनदा वाचलं. खांबाला वासरू होतं त्या दिवशी बाबा इथंच, बुलढाण्याला, याच साहेबांच्या कचेरीत आले होते. आणि दहा वर्षांच्या पूनमनं, बोरं वेचायला हात मोकळे हवेत म्हणून, वासरू खांबाला बांधलं होतं.