सोमवारचं मौन

सोमवारचं मौन दिवेलागणीला सुटायचं, म्हणून लेकीचा व्हिडिओ कॉल आल्यावर कुमुदताईंनी नुसती मान हलवली.

"आई, बक्षीस घ्यायला स्टेजवर निघालेय! तुझ्याबद्दल बोलल्यावर पुढे 'आय थँक बाबा अँड शी' म्हणू, की 'बाबा अँड हर'?"

जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या ताईंचा जीव कासावीस झाला. इस्त्रीचा सदरा घालून शेजारी बसलेल्या यजमानांना त्यांनी कोपराने पडद्याबाहेर ढकललं. त्यांना सुचवायचं होतं, बाबांना वगळून वाक्य म्हणून बघ, आपोआप कळेल!

"अगं, ढकलतेस काय?"

"कळलं, आई! आय थँक हर!"

आणि कॉल चालूच ठेवून स्टेजवरून लेकीने खरोखरच एकट्या आईचे आभार मानले.

टाळ्या थांबल्या. यजमानांनी भर दुपारी देवापुढे समई लावली.

"झाली दिवेलागण. बोल आता, मला का काढलंस?"