चौतीस टक्के

"परत चौतीसच. या मेल्या आकड्याला वर चढायचं माहीतच नाही," लॅपटॉपसमोर बसलेली विशालाक्षी पुटपुटली.

पडद्याच्या वरच्या पट्टीत, घड्याळाशेजारी, वायफायचा जोर दाखवणारा तो आकडा तिच्या नवऱ्यानेच, दामोदरन माषांनी बसवला होता. पट्टांबीच्या शाळेत त्यांनी जन्मभर पोरांना संगणक शिकवला, म्हणून घरीदारी ते 'माष', म्हणजे मास्तर. तयार मिळणाऱ्या चार रेघांवर त्यांचा विश्वास नव्हता. रेघा लाडीगोडी लावतात, आकडा खरं बोलतो, असं ते म्हणत.

पडद्यावर डब्लिनहून नात बोलत होती. निलाचा चेहरा स्वच्छ दिसत होता, आवाज तेवढा धुक्यातून आल्यासारखा. अम्मम्माला, म्हणजे आजीला, सांगायची म्हणून पोरगी आईकडून मल्याळममधली गोष्ट शिकली होती. विशालाक्षीला त्यातला कोल्हा कळला, पुढचं काही नाही. तिने दोनदा "काय गं?" विचारलं. शेजारी बसलेल्या माषांची बोटं कळांवरून फिरली.

"बघ, एकतीसवर आला," ते म्हणाले.

निला कंटाळून खुर्चीवरून उतरली आणि निघून गेली.

कित्येक महिने हे असंच चाललं होतं. विशालाक्षीला भीती एकच होती. पोरीची मल्याळम अशीच आटत जाईल, आणि मग आजी-नातीला बोलायला भाषाच उरणार नाही.

तसं पाहिलं तर हल्ली सगळ्याच वस्तू कामातून गेल्या होत्या. मासेवाल्याचा भोंगा बिघडला होता. बिचारा पायरीपर्यंत येऊन हाक मारी. कुकरची शिटी बसली होती. ती मोजायचं काम माषांनी आपणहून घेतलं होतं. निवृत्त माणसाला काहीतरी हवंच, म्हणून तिनेही देऊन टाकलं. शेजारची ओमना गप्पांना आली की अगदी खेटून बसे. वयाबरोबर बाईची माया वाढली, असं विशालाक्षी कौतुकाने सांगे.

शेवटी तिने माषांना न विचारताच इंटरनेटच्या नव्या जोडणीसाठी दुसऱ्या कंपनीच्या माणसाला बोलावलं. हे कळल्यावर माष चहाचा पेला हातात धरून उभेच राहिले. ओणम होऊन जाऊ दे, म्हणाले. जगाला संगणक शिकवला आणि घरची तार बदलायला मुहूर्त लागतो, असा टोमणा तिने मारला. एरवी अशा टोमण्याला ते दाद देत. या वेळी हसलेसुद्धा नाहीत.

तो माणूस यायच्या आधीच, रविवारी, निलाने गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. आईने दटावून बसवलं असावं. विशालाक्षी पडद्याला नाक लावून ऐकत होती. कोल्हा विहिरीपाशी आला, आणि वीज गेली.

पंखा रेंगाळत थांबला. निलाचा चेहरा, तोंड उघडं तसाच, गोठला आणि नाहीसा झाला. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला. कपाटावरच्या वायफायच्या डब्याचे हिरवे दिवे मात्र सगळे विझले होते.

वरच्या पट्टीत आकडा हलतच होता. चौतीस. एकतीस. छत्तीस.

विशालाक्षीने डब्याकडे पाहिलं, मग आकड्याकडे. माषांनी घाईने झाकण मिटायला हात पुढे केला. तिने तो धरला आणि धरूनच ठेवला.

"माषे," ती म्हणाली, "मला ऐकू येत नाही ना?"