नौफलचं खातं

महिना संपत आला, तरी नौफलने पैसे काढले नव्हते.

मब्रूकाने मिरच्या वाटता वाटता फोनकडे पाहिलं. हात हरीसाच्या तिखट वाटणाने लाल झाले होते, म्हणून तिने कोपराने तो सरळ केला. जणू वाकडा पडल्यामुळेच तो गप्प होता.

तिचा मुलगा नौफल चोरट्या बोटीने इटलीला निघाला त्याला आता दुसरा उन्हाळा लागला होता. गॅरेजचा पगार जमा व्हावा म्हणून काढलेलं बँकेचं खातं त्याने तसंच ठेवलं होतं. कार्ड प्लास्टिकमध्ये गुंडाळून पोटाशी बांधलं आणि खात्याला आईचा नंबर जोडला. "पोचलो की पैसे काढीन. तुला मेसेज आला की समज," म्हणाला. त्यानंतर त्याचा आवाज काही कानावर आला नाही. पण महिना लागला की फोन टिणटिणायचा, आणि मब्रूका तो घेऊन बेशीरच्या किराणा दुकानात जायची.

बेशीर कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायचा. "गेले पैसे, मावशी."

"फार?"

"छे. थोडेच."

"थोडेच घेतो तो. लहानपणापासून हात आखडता. पुढे काय लिहिलंय?"

"पुढे काय, बँकवाल्यांची फ्रेंच बडबड."

पोरगा फोन का करत नाही, याचंही उत्तर तिच्यापाशी होतं. कागदपत्रं नाहीत, लपूनछपून राहायचं, फोनवरूनच माणसं पकडली जातात. पैसे काढून तो निरोप देत होता, तेवढं पुरे होतं. वेळही चुकवत नव्हता. शाळेतसुद्धा तो घंटेच्या आधी दारात उभा असायचा.

हरीसा विकून जे येई, त्यातलं बरंचसं ती त्याच्या खात्यात भरून येई. परक्या मुलखात पोराला कमी पडू नये. तिच्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता, पण त्याचं ऑपरेशन थांबू शकत होतं. खात्यात किती शिल्लक आहे, हे तिने कधी विचारलं नाही. मुलाच्या पैशात आईने डोकावू नये, असं तिचं मत होतं.

शेजारच्या दहबियाचा मुलगा हमदी त्याच बोटीत होता. त्याचं कुठल्याच बँकेत खातं नव्हतं, त्यामुळे त्याच्याकडून काहीच कळलं नाही. तो गेला असं धरून दहबियाने चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाचा कुसकुस चुलीवर चढवला, तेव्हा मब्रूकाने जाऊन चूल विझवली होती. "बोट एकच होती ना? माझा पैसे काढतोय, मग तुझा कसा बुडेल?" तेव्हापासून दहबियाही रमझानमध्ये रोज संध्याकाळी हमदीचं ताट वाढून ठेवू लागली.

त्या दिवशी मब्रूका दुकानात शिरली तेव्हा गिऱ्हाईकं बँकेवर तोंडसुख घेत होती. "इतकी वर्षं आपल्याला सोललं, आणि आता उपकार केल्यासारखे हसतात," कुणीतरी म्हणालं. बेशीरने तिला पाहिलं आणि टोमॅटोचा विषय काढला.

"मेसेज आला नाही रे," ती म्हणाली.

"येईल, मावशी."

"बँकेत जाऊन विचारते."

बेशीर रिकाम्या तराजूचं पारडं फडक्याने पुसू लागला. "उन्हाचं कशाला जाता? पुढच्या महिन्यात बघू की."

"तू तुझी साखर तोल."

दहबिया बरोबर निघाली. वाटेत ती म्हणाली, "लग्न केलं असेल त्याने. बायको कार्डाला हात लावू देत नसेल."

"इटलीची बायको?"

"तुझ्या सुनेची बहीण असली तर माझ्या हमदीला सांगून ठेव. मला काळीगोरी काहीही चालेल, फक्त भांडकुदळ नको. भांडायला तू आहेस."

मब्रूकाला हसू आलं. पण बँकेच्या पायरीशी ती थांबली. आजारी असेल का? की कार्डच हरवलं असेल? कार्ड हरवलं असलं तर काही बिघडत नाही. कार्ड दुसरं मिळतं.

"मी इथेच बसते," दहबिया दाराबाहेरच्या कट्ट्यावर टेकत म्हणाली. "आतल्या गारठ्याने माझे गुडघे धरतात. माझ्याचं पण विचार. म्हणजे, बँकेला काय माहीत असणार म्हणा. पण विचार."

आत काउंटरवर मधात बुडवलेल्या मक्रूद मिठाईची थाळी ठेवली होती. खिडकीतली लमिया तिच्या ओळखीची होती. पैसे भरताना तीच पावती फाडून द्यायची. पोरीचं लग्न ठरलं असावं, असं मब्रूकाला वाटलं.

"आज काय भरायचंय, मावशी?"

"भरायचं नाही, पोरी. विचारायचंय. या महिन्यात नौफलच्या खात्यातून पैसे गेले नाहीत."

लमियाने पडद्यावर पाहिलं. "नाही गेले."

"दर महिन्याला जातात. कधी चुकत नाहीत."

"तरी म्हटलं, अजून कुणी कसं विचारायला आलं नाही." लमिया मनापासून हसली. "काळजी करू नका. खातं ठेवायची फी होती ना, ती आम्ही महिन्याच्या महिन्याला कापत होतो. या महिन्यापासून बंद. आता खातं फुकट."

मब्रूकाने काउंटरची कड धरली. "आणि त्याने काढलेले?"

"कुणी? कार्ड तर एकदाही वापरलेलं नाही. तुम्ही भरलेले सगळे पैसे आहेत तिथेच आहेत. आणि आता यातून कधीच काही जाणार नाही."

काचेच्या दारापलीकडून दहबियाने हात उंचावून काय झालं म्हणून विचारलं.

लमियाने थाळी पुढे सरकवली. "पेन्शनवाल्या काकांनी आणलेत, फी गेली त्या खुशीत. घ्या मावशी, तोंड गोड करा. बाहेर त्या बाई बसल्यात ना, त्यांच्यासाठीही एक न्या."