कोरा लिंडक्विस्टचं भाषण

नाव विनी टॉलिव्हरचंच पुकारलं गेलं. चौसष्टाव्या वर्षी, सातव्या खेपेला, उत्कृष्ट अभिनेत्री.

सहा वेळा ती लॉस एंजेलिसच्या याच सभागृहात हरली होती. हरल्यावर कॅमेऱ्यापुढे हसायचं हसू तिला इतकं पाठ होतं, की आताही चेहऱ्यावर तेच आलं. शेजारच्या खुर्चीत कोरा लिंडक्विस्ट बसली होती. नामांकन तिचंही होतं, आणि तीही तसंच हसत होती. पण कोराला हल्ली कमी ऐकू येई. कानातलं यंत्र दिसू नये म्हणून ती ते घरीच ठेवून यायची. तिला काही कळलेलं दिसत नव्हतं.

विनीच्या मनात पाप आलं.

तीस वर्षं दोघी एकाच धंद्यात. तीस वर्षांत कोराने विनीच्या अभिनयाला एकदाही बरं म्हटलं नव्हतं. पत्रकारांनी विचारलं की म्हणायची, "विनी ना? डोक्यावर टोप्या छान शोभतात तिला." साऱ्या देशाने वाखाणलं तरी विनीला ते वाक्य कुसळासारखं सलायचं. कोराच्या तोंडचा एक चांगला शब्द तिला हवा होता. आणि इथली रीतच अशी, की जिंकलेलीने मंचावरून हरलेल्यांची तोंडभरून स्तुती करायची.

विनीने कोराला घट्ट मिठी मारली. "जिंकलीस गं बये! ऊठ, ऊठ लवकर!"

कोरा उठली. झगा सावरत पायऱ्या चढली. बक्षीस द्यायला उभा असलेला तरुण नट हातातल्या कागदाकडे बघतच राहिला. कोराने त्याच्या हातून बक्षिसाची सोनेरी बाहुली जवळजवळ हिसकावून घेतली. सभागृहात कुजबुज उठली.

"आज विनीबद्दल खरं सांगते," कोरा म्हणाली. "तिचं एकूण एक काम मी चोरून पाहिलंय. पहिल्या चित्रपटात ती नुसती बटाटे सोलत रडली होती. मी घरी जाऊन आरशापुढे पोतंभर बटाटे सोलले. नाही जमलं. अजून जमलेलं नाही."

विनीचे डोळे भरले. हे रडू मात्र पाठ केलेलं नव्हतं.

तेवढ्यात नटाने घसा खाकरला. "मॅडम, माफ करा... नाव विनी मॅडमचं आहे."

कोराचा हात तोंडावर गेला. सगळे हळहळले. विनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारीची देशासमोर फजिती केली आपण! ती धडपडत मंचावर गेली आणि कोराच्या गळ्यात पडली.

"चुकलं माझं," ती कुजबुजली. "मुद्दाम केलं मी."

"कळलं की मला. आज यंत्र लावून आलेय, तुझं नाव चांगलं खणखणीत ऐकलं मी," कोरा बाहुली तिच्या हातात कोंबत पुटपुटली. "पण भाषण तीस वर्षं पाठ करून ठेवलेलं, बाई. जिंकायची वाट बघत बसले असते, तर तुला कधी ऐकवलं असतं?"