करवतीचा खेळ

"आजपासून तू माझा भाऊ नाहीस! या पाण्याच्या साक्षीनं सांगतो, हे बेट आता एक राहणार नाही!" मेलितोन गरजला. मग हळूच म्हणाला, "कासिमीरो, जरा डावीकडे सरक. फोटोत तोंडावर सावली येतेय."

तितिकाका सरोवरावरची ही बेटं लव्हाळ्याची, तरंगती. भावाभावांचं बिनसलं की करवतीनं बेट चिरायचं आणि आपापला तुकडा घेऊन निघायचं, ही जुनी रीत. मेलितोननं तिचा खेळ केला होता. काठावरच्या पुनोहून प्रवाशांची बोट आली की दोघं भाऊ कडाकडा भांडत, करवतीची दोन टोकं धरून दर वेळी वीतभर पुढे चिरत. एखादी बाई डोळे पुसत मध्ये पडे. मग मिठी, टाळ्या आणि भरतकामाची विक्री. मिठीला आधी हात पसरायचा मेलितोननं, कारण मोठेपणा त्याचा. चिरलेली फट नंतर बांधायची कासिमीरोनं.

धाकटा कधीचा मागे लागला होता, "दादा, मला वेगळं राहायचंय." मेलितोन "बघू" म्हणून टाळायचा. तो गेला तर भांडायचं कोणाशी? आणि भांडण नसेल तर बोट पलीकडच्या बेटाला लागणार.

आज मात्र कासिमीरो रंगात होता.

"जन्मभर वाईटपणा माझा आणि टाळ्या तुला!" तो ओरडला.

हे वाक्य खेळात नव्हतं. मेलितोनला फार आवडलं.

"वहिनी चुलीपाशी आम्हाला काय काय ऐकवते, सांगू सगळ्यांना?"

"सांग की! घाबरतो का मी?" मेलितोननं जोरात करवत ओढली. उशिरा का होईना, पठ्ठ्या शिकला.

कासिमीरोची बायको आसुंता खेळातलं नेहमीचं गाणं सोडून पलीकडच्या कडेला नांगराच्या दोराशी खटपट करत होती. सैल झाला असेल.

मेलितोनच्या मागे बसलेल्या प्रवाशांत एक जाडजूड गृहस्थ हुंदके देऊ लागला. वेळ झाली. मेलितोननं एका हातानं करवत धरून दुसरा मिठीसाठी पसरला.

मध्ये पाणी होतं. आधी हातभर, मग दोन हात. पलीकडे झोपडी, चूल, आसुंता, सगळंच हळूहळू निघालं होतं. प्रवासी उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

"दादा," कासिमीरो शांतपणे म्हणाला, "तेवढी करवत सोड."