वाढवलेले दोन यार्ड

लाउडस्पीकरवर विक्रम जाहीर झाला आणि मैदानावरच्या टाळ्या थांबेनात. अमेरिकेतल्या त्या कॉलेजात शिकणारा मकरंद टिपणीस अमेरिकन फुटबॉल संघाचे आकडे नोंदवायचा. त्याचा जिवलग मित्र डॅरेल यंदा चेंडू हातात घेऊन मोसमभरात इतके यार्ड धावला, की कॉलेजचा एकेचाळीस वर्षांचा विक्रम एका यार्डाने मोडला. शेवटच्या धावेचे तीन यार्ड मकरंदने मैत्रीपोटी पाच लिहिले होते.

जुना विक्रमवीर चार तास प्रवास करून आला होता. काठी टेकत येऊन त्याने डॅरेलला मिठी मारली, मग मकरंदकडे वळला. “आकडे तू लिहितोस ना? माझे आकडेही कोणीतरी असेच चोख लिहिले, म्हणून लोक मला अजून ओळखतात.”

मकरंदचे कान तापले. त्याला म्हाताऱ्याकडे बघवेना. “सर, विक्रम तुमचाच आहे,” तो कसाबसा म्हणाला. “मी दोन यार्ड वाढवून लिहिले.”

डॅरेलने गळ्यातलं विक्रमाचं पदक काढून म्हाताऱ्याच्या हातात ठेवलं आणि मित्राकडे पाहिलं.

“मोसमभर ऊर फुटेस्तोवर धावलो रे मी,” तो म्हणाला. “आता यातला एक तरी यार्ड कोणी खरा मानेल का?”